पॉइंट काढलेली गाडी

आमच्या बिल्डिंगीत कुणाकडे लग्नपत्रिका आली की ती वाचून झाल्यावर वासूभाऊंकडे जायची. वासूभाऊ पत्रिका वाचत नसत. तिचा कोपरा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून दोनदा चोळत, डोळे मिटत आणि निकाल देत. बहुतेक पत्रिका नापास होत. "पातळ आहे, उपयोगाची नाय," एवढं बोलून ती परत. माझ्या मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका त्यांनी घरभर पाहुणे असताना अशी नापास केली, तेव्हा माझ्या बायकोने आठ दिवस त्यांच्या वाडीतली फुलं देवाला वाहिली नाहीत.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पत्रिका त्यांना हवी असे ती गाडीसाठी. जुन्या गाड्यांच्या इंजिनात पॉइंट नावाची एक जोडी असते. मसुराच्या दाण्याएवढे धातूचे दोन ठिपके. ते एकमेकांना टेकतात, सुटतात, पुन्हा टेकतात आणि दर सुटण्याला एक ठिणगी पडते. ठिणगी पडली तर गाडी चालते, नाही तर नाही. सुटताना त्या दोघांत पडणारी फट नेमकी असावी लागते. ती मोजायला बाजारात पोलादी पट्ट्या मिळतात, पण वासूभाऊंच्या मते चांगल्या घरच्या लग्नपत्रिकेइतकं अचूक माप दुसरं नव्हतं. पत्रिका फटीत अडकता कामा नये आणि सैलही पडता कामा नये. त्यांच्या डब्यात अशा पास झालेल्या पाच-सहा पत्रिकांच्या पट्ट्या होत्या. त्यातली कुणाची कुठली हे ते न चुकता सांगत.

एवढं ज्ञान हाताशी असल्यावर माणूस गप्प कसा बसेल? वासूभाऊ सगळ्या जगाचं निदान पॉइंटवरून करत. तिसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको भांडले की म्हणत, गॅप वाढलाय. माझी मुलगी गणितात नापास झाली तेव्हा म्हणाले, कार्बन धरलाय, जरा घासून काढा. माझे सासरे एकदा आले आणि दोन तास स्वतःबद्दल बोलून गेले. ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच वासूभाऊ शांतपणे म्हणाले, "यांचे पॉइंट चिकटलेत. सुटतच नायत." हे निदान इतकं बिनचूक होतं की मेहुण्याची पत्रिका मी त्यांना तिथल्या तिथे माफ करून टाकली.

पूर्ण नाव वासुदेव राऊत. उमेळमानला आमच्या बिल्डिंगीची मागची भिंत आणि त्यांच्या वाडीचं कुंपण एकच होतं. वाडीत केळी, नारळ, सोनचाफ्याची बारा झाडं आणि एक विहीर. घरासमोर पत्र्याच्या शेडखाली ती गाडी. गोलमटोल, पुढचे दोन दिवे वटारलेले, रंग दूध कमी पडलेल्या चहाचा. वासूभाऊंच्या वडिलांनी ती घेतली तेव्हा गावात दुसरी मोटार नव्हती म्हणे. आता रस्त्यावर नव्या, चपट्या, गुळगुळीत गाड्या धावत होत्या आणि ही गाडी त्यांच्यामधून नऊवारी नेसलेल्या आजीबाईसारखी जायची.

मी नोकरदार माणूस. विम्याच्या कचेरीत खर्डेघाशी करून स्वस्त जागेच्या शोधात वसईला येऊन पडलेला. गाडीतलं मला फक्त दार कळतं. तरी दर रविवारी सकाळी कुंपणावरून हाक यायची, "सावंत, चावीला या." मी जाऊन आत बसायचं. वासूभाऊ बॉनेटखाली डोकं घालून पॉलिश पेपरने पॉइंट घासणार, पत्रिकेची पट्टी फटीतून फिरवणार आणि आतून "मारा" म्हणणार. मी चावी फिरवायची. हे दहा वर्षं चाललं. बायको विचारायची, तुम्ही तिथे नक्की काय करता? मी सांगायचो, चावी फिरवतो. पुढे ती काही विचारायची नाही, पण तिचा चेहरा विचारायचा.

गाडीचं खरं काम गुरुवारचं. वासूभाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी, मूळच्या आगाशीच्या. त्यांची आई नव्वदीला टेकलेली, अंथरुणाला खिळलेली. दर गुरुवारी नवरा-बायको फुलं, केळी आणि मऊ भाताचा डबा घेऊन गाडीने आगाशीला जात. गाडी वाटेत एकदा तरी बंद पडायचीच. मग वासूभाऊ उतरणार, घासणार, पट्टी फिरवणार आणि पाच मिनिटांत पुन्हा रस्त्याला लागणार. बंद पडली म्हणून ते कधी परत फिरले नाहीत. म्हातारीला वारांचा हिशेब राहिला नव्हता, पण लेक दिसली की तो गुरुवार, एवढं तिला समजायचं.

लग्न झालं तेव्हा वहिनींनीही गाडी शिकायची म्हटलं होतं. हे मला वासूभाऊंनीच सांगितलं, आणि त्या वेळी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी बायकोला उत्तर दिलं होतं, चालवणं सोपं आहे गं, बंद पडली की पॉइंट कोण घासणार? तेवढ्यावर तो विषय पस्तीस वर्षं मिटला.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. होळी झाली आणि गाडी शेडबाहेर पडेनाशी झाली. विचारलं तर एकच उत्तर: पॉइंट गेलेत. एक गुरुवार बुडाला, दुसरा बुडाला. तिसऱ्या गुरुवारी वहिनी शेअर रिक्षात कोंबून घेऊन आगाशीला गेल्या आणि त्यांचा गुडघा चार दिवस सुजून राहिला. मग त्या महिन्यातून एकदाच जाऊ लागल्या. तिकडे म्हातारी रोज सुनेला विचारायची, आज गुरुवार का?

मग एका रविवारी हाक आली. मी सवयीने आत जाऊन बसलो तर वासूभाऊ बॉनेट न उघडता खिडकीशी येऊन उभे राहिले.

"सावंत, पॉइंट काढून टाकायचे. इलेक्ट्रॉनिक बसवायचं."

देवळातल्या पुजाऱ्याने मूर्ती विहिरीत टाकायचा बेत सांगावा, तसं मला झालं. मी म्हटलं, नवे पॉइंट घाला की. ते म्हणाले, नवे पण झिजणार. मी म्हटलं, मग तुम्ही घासाल. यावर त्यांनी वाडीकडे बघितलं आणि पुढचं सांगितलं ते आणखी विलक्षण होतं. वहिनींचं नाव त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी वहिनी गाडी घेऊन आगाशीला जाणार होत्या.

"तुम्ही शेजारी बसालच," मी म्हणालो.

"एकटी," वासूभाऊ म्हणाले. "चावी फिरवली की चालू झाली पाहिजे. बॉनेट उघडून ही रस्त्यात उभी राहणार नाय. एकटी म्हणजे एकटी."

माणूस हट्टाला पेटला की त्याच्याशी वाद घालू नये, हे मला कळतं. पण कळतं तसं वागायची मला सवय नाही. मी अर्धा तास वाद घातला आणि अर्ध्या तासाने मीच त्यांच्याबरोबर वालीवला जायला कबूल झालो.

वालीवला इनास नावाचा एक माणूस शेडमध्ये रिक्षांच्या इलेक्ट्रॉनिक डब्या बनवायचा. वासूभाऊंचा शाळूसोबती. या डब्या ठिणगीचं काम पॉइंटशिवाय करतात. आम्ही गाडीतला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ज्याच्या पोटात पॉइंट असतात तो भाग, काढून केळीच्या पानात गुंडाळून बसने घेऊन गेलो. पानातून काळं तेल गळत होतं. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. तिला ते मासे वाटले असावेत, आणि तेही नासलेले.

इनासने पान उघडून बघितलं आणि हात जोडले. "वासूभाव, ही तुमची गाडी माज्या बापाच्या वयाची. हिला कशाला तरास देता?"

वासूभाऊंनी सांगितलं, करायचं म्हणजे करायचं. इनासने सांगितलं, मोठ्या गाडीचं मी कधी केलेलं नाय. वासूभाऊ म्हणाले, मीपण नाय, बस खाली. आणि दोन साठीचे गृहस्थ स्टुलांवर बसून त्या लोखंडात डोकं घालून बसले ते संध्याकाळपर्यंत. मी चहा आणण्याचं काम केलं. चावीपेक्षा ही बढती होती.

कल्पना साधी होती. पॉइंट काढायचे, त्यांच्या जागी फिरत्या दांड्यावर चार चुंबकांची एक चकती बसवायची आणि बाजूला एक छोटा डोळा. चुंबक समोरून गेलं की डोळ्याला कळणार, डबी ठिणगी टाकणार. कुठे टेकणं नाही, झिजणं नाही, घासणं नाही. वासूभाऊंना हेच पटेना. फट कुठे आहे? फट नाय, इनास म्हणाला. मग मापायचं काय? काय नाय मापायचं. वासूभाऊंनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दोनदा चोळलं. शेवटी म्हणाले, बसव.

वैशाखात पहिल्यांदा बसवलं. मी चावी फिरवली आणि गाडीने असा बार काढला की वाडीतले सगळे कावळे उठले आणि आमच्या बिल्डिंगीतून सहा डोकी बाहेर आली. चकती उलटी बसली होती. सुलटी केली तर गाडी चालू होऊन गाडीऐवजी शेड हलायला लागली. इनास आठवड्यातून एकदा वालीवहून यायचा, वासूभाऊ दोन पावलं मागे उभे राहून त्याला सूचना द्यायचे. स्वतः हात लावत नसत. मला वाटलं, रुसलेत. आयुष्यभराची विद्या दुसऱ्याच्या डबीपुढे वाया गेली तर मीही रुसलो असतो. नारळी पौर्णिमेच्या आसपास गाडी एका चावीत चालू झाली. वासूभाऊंनी ती बंद करायला लावली, पुन्हा चालू, पुन्हा बंद. माझं मनगट दुखेपर्यंत ती प्रत्येक वेळी चालू झाली.

तिकडे वहिनी रोज सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसत होत्या. चोपन्नाव्या वर्षी, पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला खोचून. पहिल्याच फटक्यात लायसन मिळालं. आरसा बघून गाडी मागे घेणं वासूभाऊंना कधी जमलं नव्हतं. ते मान बाहेर काढून देवाचं नाव घेत. वहिनींना आरशात सगळं दिसायचं.

आणि मग दसरा आला.

राऊतांकडे दसऱ्याला गाडीची पूजा मोठी. झेंडूचं तोरण, हळदकुंकू, सोनचाफा आणि आरती. त्यात वासूभाऊंची एक खास रीत. आरती चालू असताना गाडीची चावी अर्धी फिरवून ठेवायची, म्हणजे आतला लाल दिवा पेटतो. गाडीने स्वतःचं निरांजन लावायचं, असं ते म्हणत. आता चावी अशी फिरवून ठेवली आणि पॉइंट टेकलेले असले तर ते तापून जळतात. म्हणून आधी पुढे हँडल घालून इंजिन थोडं फिरवायचं आणि पॉइंट सुटलेल्या जागी आणून ठेवायचे. हे ते कानाने करत. टक् असा बारीक आवाज आला की म्हणत, उघडले.

त्या दिवशीही वासूभाऊंनी हँडल घातलं, फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "उघडले." मी तिथे उभा होतो, इनास तिथे उभा होता. पॉइंट तर पाच महिन्यांपूर्वी काढून डब्यात टाकले होते. नसलेले पॉइंट वासूभाऊंनी उघडले आणि आम्हा दोघांनाही ते खरंच उघडल्यासारखं वाटलं. आरती लांबली, दोन कडवी जास्तीची झाली. धुपाचा वास जरा उग्र आहे असं माझी बायको म्हणाली. कापूर विझला तरी धूर बॉनेटच्या फटीतून येतच राहिला.

इंजिन बंद आणि चावी चालू, त्यामुळे आरतीभर वीज डबीतून वाहत राहिली आणि ती आतून वितळून गेली होती. पागोटं उतरवलेल्या माणसासारखा इनास फाटकाबाहेर पडला. वहिनी प्रसादाची वाटी हातात घेऊन तशाच उभ्या. दिवाळीला वीस दिवस राहिले होते, आणि दोन दिवसांपूर्वीच आगाशीहून निरोप आला होता की म्हातारी जेवत नाही.

मी चिडलो. खरंच चिडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो आणि वासूभाऊंना नाही नाही ते बोललो. म्हटलं, हा कसला हट्ट? जुने पॉइंट डब्यात आहेत, बसवायला तुम्हाला दहा मिनिटं लागतात. बसवा, शेजारी बसा आणि वहिनींना आईकडे घेऊन जा. तुमच्या इलेक्ट्रॉनिकपायी त्या म्हातारीला लेक दिसेना झाली.

वासूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग डबा आणला, पॉइंट काढले, पत्रिकेची पट्टी काढली आणि पहिल्यांदाच मला बॉनेटखाली बोलावलं. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्क्रूवर ठेवला. तो स्क्रूच्या अर्धा इंच अलीकडे टेकला. उचलून पुन्हा ठेवला, आता पलीकडे. तिसऱ्यांदा डाव्या हाताच्या बोटाने चाचपून खाच शोधली आणि मग माझ्याकडे बघून थांबले.

"डावा गेला," ते म्हणाले. "उजव्याने नळीतून बघावं तेवढं दिसतं. डॉक्टर बोलले, गाडी चालवायची नाय."

मी विचारलं, मोतीबिंदू का?

"मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, गाडीचे पॉइंट काढले तसा. हा काचबिंदू. हा पॉइंट निघत नाय." त्यांनी पट्टी पुसून परत डब्यात ठेवली. "आहे तेवढी नजर पण जाणार. तोवर गाडी अशी करून ठेवायची की तिला माझी गरज पडता कामा नये. पस्तीस वर्षं हिला एकच सांगितलं, पॉइंट कोण घासणार. आता घासणारा गेला, तर हिने काय घरात बसायचं? हिला यातलं काय बोलू नका. घाबरेल, आणि शिकलेली पण विसरेल."

मी घरी आलो. सहा महिने मी त्या माणसाला हट्टी म्हणत होतो. तो हट्टी होताच, पण मला वाटलं त्या कारणासाठी नव्हता. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि वालीवला गेलो. इनासला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हातातली तार सोलत राहिला. मग त्याने नवी डबी केली, आणि या वेळी अशी केली की इंजिन फिरत नसेल तर ती दोन सेकंदांत आपोआप बंद पडेल. कितीही लांबलेल्या आरतीला ती पुरेल, असं तो म्हणाला. वीस दिवसांचं काम त्याने बारा दिवसांत केलं.

दिवाळी झाली. गुरुवारी सकाळी वहिनी ओढणी खोचून बाहेर आल्या. मागच्या सीटवर फुलं, केळी आणि भाताचा डबा. सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला. वासूभाऊ ओट्यावर उभे राहून सूचना देत होते: निर्मळच्या वळणावर हॉर्न, बाजारात दुसरा गिअर. वहिनी सगळ्याला हो म्हणत होत्या. मी खिडकीशी गेलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, यांना पायरी उतरताना डावीकडून हात द्या. होळीपासून त्या बाजूचं दिसत नाय त्यांना. मला कळलंय ते सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

मग त्यांनी चावी फिरवली. गाडी एका चावीत चालू झाली आणि फाटकातून बाहेर पडली.

मी ओट्यावर गेलो आणि वासूभाऊंच्या डावीकडे उभा राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोघेही ऐकत होतो. इंजिनाचा आवाज एकसारखा जात होता, कुठे अडत नव्हता. गाडी केळीच्या रांगेपलीकडे रस्त्याला लागली, मला दिसत होती. त्यांना दिसत नव्हती.

"वळणावर पोचली?" त्यांनी विचारलं.

"पोचली."

"मागे बघितलं काय तिने?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. हो म्हणायचं, हातसुद्धा केला म्हणायचं. पण पॉइंट बघणाऱ्या माणसापुढे खोटं बोलायची मला कधी हिंमत झाली नव्हती. मी म्हटलं, नाही. सरळ समोर बघत होत्या.

वासूभाऊंचा हात माझ्या खांद्यावर सैल झाला.

"मग आली तिला गाडी," ते म्हणाले, आणि पायरी उतरण्यासाठी त्यांनी पाय पुढे केला.